‘व्हिसा लागला’ म्हणजे नेमका कोणता पास?

गावाकडे फोन केला की ओळखीतल्या कुणाचा तरी ‘सिंगापूरचा व्हिसा लागला’ ही बातमी हमखास कानी येते आणि माझा प्रश्न ठरलेला असतो: पास कोणता? येथे सिंगापुरात नोकरीचे परवाने मनुष्यबळ मंत्रालय देते, त्यांना सगळे ‘पास’ म्हणतात, आणि बायकामुले सोबत राहतील की नाही हेसुद्धा त्या पासावरच ठरते.

आयटीतले आणि अधिकारी वर्गातले लोक एम्प्लॉयमेंट पासवर येतात. जानेवारी २०२५ पासून त्यासाठी दरमहा किमान ५,६०० सिंगापूर डॉलर पगार लागतो, वित्तीय क्षेत्रात ६,२००, आणि उमेदवाराच्या वयाबरोबर ही रक्कम चढत जाते. शिवाय २०२३ पासून ‘कंपास’ ही गुणपद्धती लागू असून तीत ४० गुण मिळवावे लागतात. पगार आणि पदवीबरोबर कंपनीत एकाच देशाचे लोक किती आहेत हेही तीत पाहिले जात असल्याने, भारतीयांनी आधीच भरलेल्या कार्यालयात आपल्या माणसाला तो गुण मिळणे अवघड जाते. कुटुंब आणायचे तर पगार किमान ६,००० हवा, म्हणजे पास मिळूनही काहींना एकटेच राहावे लागते.

मधल्या कुशल कामांसाठी एस पास आहे. त्यावर कंपनीला किती जण ठेवता येतील याचा कोटा आणि दरमहा लेव्ही, म्हणजे परदेशी कामगारामागे सरकारला भरायची रक्कम, असते. ती लेव्ही कामगाराकडून वसूल करणे बेकायदा आहे.

बांधकाम आणि जहाजबांधणीतले आपले बहुतेक कामगार वर्क परमिटवर असतात. त्यावर कुटुंब आणता येत नाही, आणि येथील नागरिकाशी लग्न करायचे झाल्यास मंत्रालयाची परवानगी घ्यावी लागते.

एका रविवारी लिटल इंडियात सांगलीकडचा एक वेल्डर भेटला. एजंटाने त्याला एस पास सांगितला होता. प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले मंजुरीचे पत्र त्याने पुढे केले. पगार, कपाती, मालकाचे नाव, सारे त्यात होते आणि वर स्पष्ट ‘वर्क परमिट’ असे छापलेले होते. गावाहून निघण्यापूर्वीच पत्र त्याच्या हाती आले होते, पण इंग्रजी मजकूर कुणाकडून वाचून घ्यावा असे त्याला वाटले नाही, कारण एजंट गावातलाच होता. बायकोचा पासपोर्टही त्याने काढून ठेवला होता.