शाळा बदलण्याआधी पाण्याची बाटली बघा

‘मला शाळेत जायचं नाही’ असं मूल म्हणतं तेव्हा त्याला नेमकं काय नको आहे, हे कळल्याशिवाय दुसरी शाळा शोधायला निघू नये. सात-आठ वर्षांच्या पोराला ते वेगळं काढून सांगता येत नाही. त्याला गणिताचा तास नको असतो, व्हॅनमध्ये टपल्या मारणारा मोठा मुलगा नको असतो, नाहीतर कडी न लागणारं स्वच्छतागृह नको असतं. आईबाप मात्र तडक बोर्ड बदलतात. फी तिप्पट होते आणि नव्या शाळेतही कडी तुटलेलीच निघते.

म्हणून आधी दोन आठवडे एक साधी वही ठेवा. सकाळची कुरकुर किती वाजता सुरू झाली, त्या दिवशी कोणते तास होते, आणि डबा-बाटली कशी परत आली, एवढंच रोज लिहायचं. पोट मंगळवारी आणि शुक्रवारीच दुखत असेल तर वेळापत्रक समोर घ्या, त्या दोन दिवसांत सामायिक तास कोणता ते लगेच दिसेल. रविवारी संध्याकाळीच चेहरा उतरत असेल तर एखाद्या विषयापेक्षा माणसांचा प्रश्न असण्याची शक्यता जास्त: वर्गशिक्षक, बाकावरचा शेजारी किंवा गाडीतली पोरं. डबा रोज तसाच येत असेल तर मधल्या सुट्टीत ते कोणाजवळ बसतं, हे विचारा. आणि बाटली सकाळी भरली तशीच संध्याकाळी परत येत असेल, तर मूल पाणी टाळतंय, म्हणजे बहुधा स्वच्छतागृह टाळतंय. त्यासाठी शाळा बदलायची गरज नाही. आणखी चार पालकांना घेऊन मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

मग वह्या उघडा. फळ्यावरून उतरवलेलं अर्धवट आणि पुस्तकातून उतरवलेलं नीट असेल, तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. तोंडी सगळं येतं, पण लिहिताना अक्षरं उलटीपालटी होतात, वाचताना ओळ सुटते आणि तिसरीतही हे थांबत नाही, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. तिचं पक्कं निदान साधारण आठव्या वर्षापासून करतात, त्यामुळे पहिलीतल्या पोरावर हा शिक्का मारू नये आणि चौथीतल्याला ‘आळशी आहे’ म्हणून सोडूनही देऊ नये. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात ही तपासणी होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र असेल तर राज्य मंडळाच्या दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. अशा मुलासाठी शाळा बघताना एकच विचारा: विशेष शिक्षक आठवड्यातून किती दिवस येतात? ‘गरज पडली की बोलावतो’ याचा अर्थ येत नाहीत.

तोच धडा घरी मराठीत सांगितल्यावर झटकन कळत असेल, तर माध्यमाचा विचार करायला हवा. इंग्रजी माध्यमातून सेमी-इंग्रजीत आणणं हा पराभव मानण्याची आपल्याकडे फॅशन आहे. गणित-विज्ञान इंग्रजीतच राहतं आणि बाकीचं मूल आपल्या भाषेत शिकतं, यात गमावलं काय?

मारहाण किंवा सतत अपमान होत असेल तर मात्र दोन आठवड्यांची वाट बघू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी आहे. तारीख घालून लेखी तक्रार आधी शाळेकडे द्या, दाद मिळाली नाही तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, महापालिका हद्दीत असाल तर तिथल्या शिक्षण विभागाकडे.

शाळा बघायला स्नेहसंमेलनाला किंवा प्रवेशमेळाव्याला जाऊ नये, तेव्हा सगळ्याच शाळा गोड दिसतात. परवानगी घेऊन मधल्या सुट्टीच्या दहा मिनिटं आधी पोहोचा. घंटेआधी वर्गात मुलांचा आवाज येतो की फक्त शिक्षकांचा, ते ऐका. भिंतीवरची चित्रं बघा: तीस कागदांवर तीच झोपडी, तोच सूर्य, तेच दोन डोंगर असतील तर तिथे काढायचं कसं हेही सांगितलं जातं. पट विचारा. कायद्यानुसार पाचवीपर्यंत ३० मुलांमागे एक शिक्षक हवा, सहावी ते आठवी ३५ मागे. वर्गात साठ पोरं असतील तर ‘प्रत्येकाकडे लक्ष देतो’ हे वाक्य हसून सोडून द्यावं. शेवटी विचारा, ‘तिसरीतल्या मुलाला वाचता येत नसेल तर तुम्ही काय करता?’ उत्तर ‘क्लास लावायला सांगतो’ असं आलं तर चहा पिऊन निघा. जमल्यास मुलाला दोन-तीन दिवस त्या वर्गात बसू द्या म्हणावं. घरी आल्यावर ‘आवडली का’ विचारू नका, शेजारी कोण बसलं होतं ते विचारा. नाव सांगता आलं तर बरं चिन्ह.

कोल्हापूरला लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सुरू केलेली सृजन आनंद, पुण्याची अक्षरनंदन, फलटणचं कमला निंबकर बालभवन, नाशिकची आनंद निकेतन या मराठी शाळा मुलाच्या कलाने शिकवण्यासाठी ओळखल्या जातात. मधल्या इयत्तेत जागा असेलच असं नाही. जवळची जिल्हा परिषदेची शाळाही एकदा बघाच. एखादा चांगला गुरुजी असलेली दोन खोल्यांची शाळा अनेक मुलांना मानवते. रोजचा दीड तासाचा प्रवास मात्र कितीही चांगली शाळा नासवतो.

आता कागद. बदल जूनमध्ये किंवा दिवाळीच्या सुट्टीत करावा, आणि नववीच्या आत. नववी-दहावीत मंडळाची नोंदणी आड येते, सीबीएसईत दहावीला थेट प्रवेश बदलीसारख्या कारणाशिवाय मिळत नाही. नवीन प्रवेश पक्का होईपर्यंत दाखला काढू नका. दाखला हातात आला की नाव, आईचं नाव, जन्मतारीख (अक्षरातलीही) आणि जन्मस्थळ जन्मदाखल्याशी तिथेच, ऑफिसच्या खिडकीशी उभं राहून ताडून बघा. रजिस्टरला चूक असेल तर मूल शाळेत असतानाच दुरुस्तीचा अर्ज द्यावा, नंतर शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत खेपा होतात. आठवीपर्यंत दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश अडवता येत नाही, शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ दाखवा.

कागदी दाखल्याइतकंच ऑनलाइन नाव हलणं महत्त्वाचं. नवी शाळा विद्यार्थी-नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर विनंती पाठवते, जुनी ती मंजूर करते. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर होणार ते, ३० सप्टेंबरच्या पटावर ठरते, त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अनुदानित शाळा नाव सोडायला नाखूष असतात. नव्या शाळेच्या लिपिकांकडे दर आठवड्याला चौकशी ठेवा.

चौदा वर्षं पूर्ण झालेल्या आणि शाळेची भिंतच नको असलेल्या मुलाला राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावी किंवा राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म (बाहेरून दहावीला बसण्याचा) हे रस्ते आहेत. हाताने काम करण्यात रमणाऱ्यासाठी पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम जाऊन बघावा.

नव्या शाळेत पहिले तीन आठवडे रडारड धरूनच चाला. जुनी वही तशीच चालू ठेवा आणि दीड महिन्यानंतर दोन्ही भाग शेजारी ठेवून वाचा. कुरकुर त्याच वारी येत असेल तर ती वही घेऊन वर्गशिक्षकांना भेटा, पालकसभेची वाट बघू नका.