रताळ्याची किटकॅट

कॅनडात व्हँकुव्हरजवळच्या रिचमंडमधल्या ॲबरडीन सेंटर या मॉलमध्ये शिरता शिरता सासूबाईंनी बजावलं, "नुसतं बघायचं हं, घ्यायचं काही नाही." हे वाक्य आमच्या घरात पिढ्यानपिढ्या चालत आलंय, आणि ते एकदा म्हणून झालं की पिशवी हमखास भरते. बाहेर व्हँकुव्हरचा पाऊस लागला होता. छत्री उघडली की थांबतो आणि मिटली की पडतो, तसला. आत उबदार होतं. पाट्या चिनी, दुकान जपानी, गल्ल्यावरची मुलगी बहुधा फिलिपिनो आणि आम्ही दोघी सातारा जिल्ह्यातल्या, मी वाईची, त्या कराडच्या. रिचमंडमध्ये असल्या गर्दीचं कुणाला नवल वाटत नाही.

दुकानाच्या मागच्या भिंतीला एक सबंध फळी किटकॅटची होती. लाल पुडा कुठे दिसेना. हिरवे, तपकिरी, गुलाबी, पिवळे. सासूबाई एका जांभळ्या पुड्यापुढे थबकल्या. चष्मा कपाळावर सरकवला, पुडा डोळ्यांजवळ नेला आणि निकाल दिला, "अगं, हे रताळं आहे."

होतंच ते. मधोमध कापलेलं, आतून गर्द जांभळं रताळं. ओकिनावाकडचं, बेनी इमो म्हणतात त्याला. आपली रताळी बाहेरून लाल आणि आत पांढरी, पण रताळ्याचा घाट कुठे लपतो? त्या दिवशी एकादशी होती. सकाळी साबुदाण्याची खिचडी झाली होती, तिला आता चार तास होत आले होते. सासूबाईंच्या चेहऱ्यावर विचार उमटलेला मला स्वच्छ दिसला.

"चालेल का गं?"

"आई, आत बिस्किट आहे. मैद्याचं."

"वाच तरी काय लिहिलंय."

पुड्याच्या पाठीवर पांढरा कागद डकवलेला होता. त्यावर इंग्रजीत आणि खाली फ्रेंचमध्ये सगळं लिहिलेलं. साखर, वनस्पती तेल, दुधाची पूड, मैदा, रताळ्याची पूड, सोय लेसिथिन. मी मोठ्यानं वाचलं. मैद्यापाशी त्यांनी मान हलवली, रताळ्यापाशी चेहरा उजळला. लेसिथिन म्हणजे काय ते मी सांगायला गेले तर म्हणाल्या, "डोळ्यांना दिसत नाही ते चालतं."

मग आम्ही वर फूड कोर्टात जाऊन बसलो. पुड्यात दोन-दोन कांड्यांच्या छोट्या पुड्या असतात. त्यांनी एक फोडली आणि कांडीवरचं जांभळं तेवढं समोरच्या दातांनी अलगद खरवडून खाल्लं, चारी बाजूंनी, एकही चुरा न सांडता. माझा मुलगाही किटकॅट तशीच खातो. हे कुठून आलं ते त्या दिवशी कळलं. उघडी पडलेली बिस्किटं त्यांनी कागदी रुमालात नीट गुंडाळली, नातवासाठी. पुडीमागून पुडी. शेवटी म्हणाल्या, "रताळं आहे खरं. पण किसाची सर नाही."

एकादशी मोडली की नाही, हा प्रश्न आम्ही दोघींनी पुन्हा काढलेला नाही.

त्या पांढऱ्या कागदाबद्दल मात्र मला बोलायचं आहे. कॅनडात खाण्याच्या वस्तूवर दोन्ही भाषांत मजकूर लागतो, हा कायदाच आहे, आणि माझी त्याला हरकत नाही. पण आयात करणारे तो कागद नेमका पुड्याची सगळ्यात छान जागा हेरून चिकटवतात. जपानी पुड्यांच्या पाठीवर केवढं काय काय असतं! डोंगर, मळे, कुठलंसं देऊळ, हसणारं सफरचंद. त्यावर हा पांढरा चौकोन. घरी आल्यावर चॉकलेट खाण्याआधी मी नखानं तो कागद सोलत बसते. सबंध निघाला तर दिवस चांगला जातो. निम्म्यात फाटला तर खोबरेल तेलाचा हात लावून ठेवते. नवरा म्हणतो, तू चॉकलेट विकत घेत नाहीस, कागद विकत घेतेस. या माणसाचं मत मी फारसं मनावर घेत नाही, कारण तो किटकॅट न मोडता, चारही कांड्या एकदम, सरळ चावतो. चांदीवरून नख फिरवून खाचा उठवायच्या, मग कट्कन मोडायची, एवढं साधं शिक्षण ज्याला घरून मिळालेलं नाही, त्याच्याशी काय वाद घालायचा?

तर कागदाखालची चित्रं. ती पाहून पाहून माझा जपानचा भूगोल पक्का होत चाललाय. वासाबीची, म्हणजे नाकाला झोंबणाऱ्या जपानी कंदाची, किटकॅट शिझुओकाची. सफरचंदाची शिन्शूची, म्हणजे नागानोकडची. खरबूज होक्काइदोतल्या युबारीचं. हिरव्या चहाची उजीची, क्योतोजवळची. हिरोशिमाची तर मोमिजी मांजूच्या चवीची, म्हणजे त्यांच्याकडे मेपलच्या पानाच्या आकाराची, आत गोड डाळ भरलेली मिठाई असते, तिची. मिठाईच्या चवीचं चॉकलेट! ही तऱ्हा पहिल्यांदा पाहिली तेव्हा जरा अति वाटलं. मग आठवलं की तिथं प्रवासाला गेलेल्या माणसानं त्या गावची खाऊची पेटी आणून कचेरीत आणि शेजारीपाजारी वाटायची असते, नाही आणली तर बरं दिसत नाही. हे मला कुणी समजावून सांगायला नको. लोणावळ्याहून चिक्की न घेता आलेला माणूस आमच्याकडे लोणावळ्याला गेलाच नव्हता असं धरतात. साताऱ्याचे कंदी पेढे, नागपूरची संत्रा बर्फी, बेळगावचा कुंदा, मालवणचं खाजं. गाडी स्टेशनात पाच मिनिटं थांबते आणि त्यातली चार मिनिटं या कामात जातात. कुण्या कंपनीनं उद्या कुंद्याची किटकॅट काढली तर मी नाक मुरडीन आणि दोन पुडे घेईन.

बाकी मूळ किटकॅटचा जपानशी काही संबंध नव्हता. इंग्लंडातल्या यॉर्कच्या राउन्ट्री कंपनीनं ती १९३५ साली काढली, नाव वेगळंच होतं, दोन वर्षांनी किटकॅट झालं. जपानात ती १९७३ साली पोचली. तिथं नाव कानाला 'नक्की जिंकशील' असं काहीसं ऐकू येतं म्हणून परीक्षेला जाणाऱ्या पोरांच्या हातावर ठेवू लागले. २००९ साली तर टपाल खात्याशी हातमिळवणी करून पत्ता लिहिता येईल अशी किटकॅट आली, वर शुभेच्छा लिहायची आणि पेटीत टाकायची. आमच्या आजीला हे फार आवडलं असतं. तिचं दही-साखर टपालानं जाण्यासारखं नव्हतं, त्यामुळे दादा पुण्याला शिकायला गेल्यावर त्याच्या परीक्षांच्या दिवशी ते मलाच खावं लागे. त्याला मार्क बरे पडत. मला नुसता कफ होई.

वासाबीची चव कशी लागते असं सगळे विचारतात. गोड लागते. पांढऱ्या चॉकलेटसारखी गोड, आणि गिळून झाल्यावर नाकात कुणीतरी हळूच चिमटा काढावा तसं होतं, तेही जेमतेम. ज्यानं कोल्हापुरी ठेचा खाल्लाय त्यानं हिच्यासाठी पैसे घालवू नयेत. भाजलेल्या चहाची, होजिचाची, मात्र खरंच चांगली. साकेची म्हणजे तांदळाच्या दारूची चव असलेली पण मिळते. ती सासूबाई असताना मी घरात आणली नाही. डोळ्यांना दिसत नाही ते चालतं हा नियम कुठवर ताणायचा, याला काही सुमार आहे.

आणि स्ट्रॉबेरी. जपानातल्या या सगळ्या चवींच्या वेडाची सुरुवात तिथून झाली म्हणतात. २००० साली होक्काइदोत स्ट्रॉबेरी किटकॅट निघाली आणि पर्यटकांनी उचलून धरली. मला तो गुलाबी पुडा दिसला की वाई दिसते.

बाबा एस.टी.त कंडक्टर होते. वाई-महाबळेश्वर. हिवाळ्यात संध्याकाळची शेवटची गाडी घाट उतरून आली की ते घरी यायचे, आणि कधीकधी तिकिटांच्या पेटीबरोबर एक पुठ्ठ्याचं खोकं असायचं. बाजार उठताना विक्रेते मऊ पडलेली स्ट्रॉबेरी मिळेल त्या भावात देऊन टाकत. पसरणीच्या वळणावळणांतून खाली येईपर्यंत ती आणखी मऊ व्हायची. खोक्याचा तळ ओला, बाबांच्या खाकी शर्टावर लाल डाग, आणि आईची कुरकुर की हा डाग आता कशानं जायचा. मग ती पातेल्यात स्ट्रॉबेरी कुस्करायची, साखर घालायची, वर थंड दूध. आजी शिवायची नाही. तिला तो रंग बघवत नसे. आम्ही भावंडं पितळीला तोंड लावून प्यायचो आणि ओठांवर आलेल्या गुलाबी मिशा कुणाच्या मोठ्या ते आरशात बघायचो. ती स्ट्रॉबेरी आंबट असे. दाताखाली तिचं बारीक बी कचकचत असे. पर्यटकांना मिळायची तशी टपोरी, टोकदार, देठासकट लाल स्ट्रॉबेरी मी वाईत राहून कधी खाल्ली नाही. ती वरच, डोंगरावर, गाडीच्या खिडकीतून विकली जायची आणि मुंबईला जायची.

दुसरी स्ट्रॉबेरी तापाच्या औषधात होती. तीही गुलाबी, पण आंबट नाही, बी नाही, नुसता वास. जगातल्या यच्चयावत स्ट्रॉबेरी चॉकलेटांत हीच दुसरी स्ट्रॉबेरी असते, अशी माझी पक्की समजूत होती. जपानी पुड्यानं ती निम्मी मोडली. त्यात किंचित आंबटपणा आहे. बी नाही अर्थात.

आता स्ट्रॉबेरीवरून आठवलं म्हणून सांगते. आम्ही राहतो व्हँकुव्हरजवळच्याच सरे शहरात, आणि आमचा किराणा स्ट्रॉबेरी हिलचा. स्कॉट रोडवरचा तो भाग. कोथिंबिरीच्या जुड्या, भाकरीचं पीठ, शिवाय दोन्ही बाजूंना साड्यांची आणि मिठाईची दुकानं. सगळा पंजाबी मामला आहे, मराठी माणसालाही तिथं उपाशी राहावं लागत नाही. हे नाव बिल्डरनं दिलं असणार असं मी धरून चालले होते. बिल्डर लोक डोंगर नसतो तिथं हिल म्हणतात आणि झाड नसतं तिथं ग्रोव्ह. तिथल्याच वाचनालयात एका दुपारी मुलाच्या गोष्टीच्या पुस्तकांत वेळ जाईना म्हणून स्थानिक इतिहासाच्या कपाटाशी गेले, तर कळलं की नाव खरं आहे. तिथं स्ट्रॉबेरीचे मळेच होते. आणि पुष्कळसे मळे जपान्यांचे. जंगल तोडून, खोडं उपटून त्यांनी जमीन केलेली. फ्रेझर नदीच्या खोऱ्यात इकडे सरे, तिकडे मेपल रिज, मिशन, सगळीकडे तेच. हंगामात घरची पोरंसुद्धा शाळा सांभाळून फळं खुडायला असायची.

१९४२ साली, जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केल्यावर, कॅनडाच्या सरकारनं किनाऱ्यापासून शंभर मैलांच्या आतल्या सगळ्या जपानी वंशाच्या लोकांना उचललं. सुमारे बावीस हजार माणसं, बरीचशी इथंच जन्मलेली. त्यातल्या हजारोंना आधी हेस्टिंग्ज पार्कात ठेवलं, प्रदर्शनातली गुरं बांधायच्या गोठ्यांत बायका आणि मुलं, मग तिथून डोंगरातल्या छावण्यांत. घरं, होड्या, मळे सरकारनं सांभाळायला म्हणून ताब्यात घेतले आणि मालकांना न विचारता विकून टाकले. खोऱ्यातली शेतं लढाईवरून परतणाऱ्या सैनिकांना द्यायला गेली. लढाई १९४५ साली संपली, किनाऱ्यावर परत यायला परवानगी मिळाली १९४९ च्या एप्रिलमध्ये. परत यायचं कुठे, हा प्रश्न होताच. १९८८ साली सरकारनं माफी मागितली, हयात असलेल्या प्रत्येकाला एकवीस हजार डॉलर दिले.

हेस्टिंग्ज पार्कात आजही ऑगस्टअखेरीस जत्रा भरते. आम्ही दर वर्षी जातो, पाळण्यात बसतो, तळलेले छोटे डोनट खातो. ते गोठे अजून उभे आहेत.

घरी येऊन मी हे सासूबाईंना सांगितलं. त्यांनी शेंगा सोलता सोलता सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "त्या वर्षीचं पीक कुणी खुडलं?"

माणसांना वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत टप्प्याटप्प्यानं हलवलं होतं, आणि स्ट्रॉबेरी तिकडे जूनमध्ये तयार होते. मी म्हटलं, बघून सांगते.

स्ट्रॉबेरी हिलवर हल्ली पार्किंग मिळत नाही. दिवाळीच्या आठवड्यात तर जाऊच नये.