पाण्यावरून आखलेली वाट : बालाघाटाच्या धारेवर दोन दिवस

सोलापूरला डोंगर नाही असं आपणच म्हणत राहतो, आणि ट्रेक म्हटलं की रात्रीची गाडी धरून पुणे-साताऱ्याकडे निघतो. बार्शी सोडून येडशीच्या दिशेला लागलं की समोर बालाघाटाची लांबलचक कड दिसते. ती आपण आयुष्यभर एसटीच्या खिडकीतून बघितलेली असते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघे त्या कडेवर चढलो, मळलेली वाट सोडून धारेधारेने चाललो आणि रात्री एका पाझर तलावाच्या काठी राहिलो. दोन दिवसांत माणसं भेटली ती मोजून तीन.

तलावाचं आणि पायथ्याच्या गावाचं नाव मी देणार नाही. तळं लहान आहे आणि गावातली गुरं त्याच पाण्यावर आहेत. दर शनिवारी तिथे दहा तंबू पडले तर ते सोसणार नाही. शिवाय त्याच तळ्यावर जायची गरजही नाही. १९७२ च्या दुष्काळात जी कामं निघाली त्यात, आणि पुढे रोजगार हमीवर, या पट्ट्यात असे तलाव जागोजागी झाले. तुमचा तुम्हाला सापडेल. तो शोधायचा कसा आणि तिथवर पोचायचं कसं, तेवढं सांगतो.

आधी पाणी ठरवा, मग वाट. आम्ही नेमकं उलट केलं. सर्वे ऑफ इंडियाचा १:५०,००० चा नकाशा घेतला, त्यावरच्या २० मीटरच्या समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) बघून धार निवडली, चढायला डोंगराची सोंड निवडली. शेवटी मोबाइलवरच्या उपग्रहचित्रात धारेखाली निळं तळं दिसलं तिथे मुक्काम टाकला. ते चित्र पावसाळ्यानंतर लगेचचं असणार, हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

खरं तर नकाशाच सांगत होता. बालाघाटाची ही धार म्हणजे पाणलोटाची सीमा आहे. पश्चिम उतारावरचं पाणी सीनेतून भीमेला जातं आणि पूर्वेकडचं तेरणा-मांजरा करत गोदावरीला मिळतं. म्हणजे धारेवर पाणी कुठूनच येत नाही, ते फक्त जातं. धारेला लागून असलेल्या तळ्याला वरून उतरणारा भाग अगदी थोडा, त्यामुळे ते सगळ्यात आधी आटतं. जितकं खाली आणि जितक्या जास्त घळी एकत्र येतात तिथलं तळं, तितका पाण्याचा भरवसा जास्त. नकाशावर घळी मोजा. शिवाय निघायच्या आधी आठवडाभरात कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन बघून या, निदान गावात फोन करून विचारा.

दुसरी गोष्ट हद्दीची. येडशी-रामलिंग घाट हे अभयारण्य आहे. तिथे परवानगीशिवाय आडवाटेला शिरू नका, मुक्काम तर नाहीच. डिसेंबर २०२४ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून चालत आलेला वाघ याच जंगलात कॅमेऱ्यात दिसला, आणि नंतर बार्शीकडच्या शिवारातही त्याचा वावर राहिला. त्यामुळे निघण्याआधी वनरक्षकाला विचारायचंच. तो नको म्हणाला तर तारीख बदला, त्याच्याशी हुज्जत घालू नका. आम्ही हद्दीच्या बरंच बाहेर होतो, तरी वनरक्षक आणि पोलीस पाटील दोघांनाही चौघांची नावं, नंबर आणि परतायची वेळ लिहून दिली. गायरान कुठलं, खासगी रान कुठलं आणि वनखात्याचं कुठलं, हेही पोलीस पाटलांनीच समजावून सांगितलं. नकाशावर ते कळत नाही.

सकाळी आठला चढायला लागलो. पायथ्याला मालदांडी ज्वारी उभी होती, नुकती हुरड्यात आलेली. पिकात पाय घालायचा नाही, बांधावरूनच जायचं. लांब पडलं तरी. ज्वारी संपली की तरवड, बोर, हिवर, आणि मग सीताफळीचं रान लागतं. चढ दीडशे-पावणेदोनशे मीटरचा असेल, सह्याद्रीच्या मानाने काहीच नाही. पण पायाखाली सुटा मुरूम आणि वर कुसळी गवत. या गवताचं कुसळ मोज्यात शिरतं आणि चालताना पीळ घेत आत आत जातं. संध्याकाळी माझ्या एका मोज्यातून मी चाळीसच्या वर कुसळं काढली. जाड सुती मोजे नकोत. गुळगुळीत कापडाची पँट घाला आणि पोटरीला गेटर, म्हणजे बुटावरून गुडघ्यापर्यंत येणारं कापडी वेष्टण, बांधा.

उतारावर पाणलोटाच्या कामात खोदलेले समतल चर आहेत, त्यांचं मात्र आधी कोणी सांगितलं नव्हतं. गवताने झाकलेले असतात, त्यामुळे मुरगळण्याची भीती फार. पण एकदा कळलं की हेच चर उपयोगी पडतात. ते समोच्च रेषेवरच खोदलेले असतात, म्हणून त्यांच्या भरावावरून चाललं की ना चढ ना उतार, डोंगराला सरळ वळसा घालता येतो. समोर काठी टेकवत चाला. काठीचा दुसरा उपयोग फुरशासारख्या विषारी सापासाठी. दगडाखाली हात घालू नका, आणि सकाळी बूट झटकल्याशिवाय पायात घालू नका.

आडवाटेला ताशी दोन किलोमीटरच्या वर हिशोब धरू नका. आम्ही तीन धरला होता. दुपारी दोनला तळ्यावर पोचायचं ते साडेतीन झाले. आणि तळं कोरडं होतं. मधोमध भेगाळलेला गाळ, त्यावर शेळ्यांच्या खुरांचे ठसे. चौघांत मिळून साडेतीन लिटर पाणी उरलं होतं.

तळ्याच्या भरावाच्या टोकाला एक म्हातारे मेंढपाळ बसले होते. आम्ही विचारलं, "मामा, पाणी कुठं मिळंल?"

"ह्ये तर दिवाळीतच आटलं," मामा म्हणाले. "त्या सोंडंच्या पल्याड खालचं तळं हाय, त्याला हाय बगा पाणी. पर सरळ जाऊ नगा, मधी घळ हाय. लिंबाच्या झाडापासनं वळा."

मोबाइलवरच्या रेषेत घळ काही फार मोठी दिसत नव्हती. लिंबापाशी गेलो तेव्हा खाली तीन माणसांच्या उंचीएवढा खोल कातळ होता. नकाशाच्या दोन रेषांमध्ये वीस मीटर मावतात हे पुस्तकात वाचलं होतं, तिथे डोळ्यांनी बघितलं. अंधार पडायच्या आत उतरलो नसतो तर ती रात्र तहानेत काढावी लागली असती. या दिवसांत सहाच्या सुमारास सूर्य जातो. म्हणून एक नियम धरा: दुपारी दोनपर्यंत मुक्कामाचं पाणी डोळ्यांना दिसलं नाही, तर सरळ जवळच्या गावात उतरायचं. सकाळी निघताना प्रत्येकी निदान चार लिटर घ्या.

खालच्या तळ्यात पाणी होतं. चक्रवाकांची एक जोडी पलीकडे होती, ती आवाज करत उठली. आमच्यातला एकजण घाईने बाटली घेऊन उथळ बाजूला गेला आणि दोन पावलांत गुडघ्यापर्यंत रुतला. वरचा थर वाळलेला दिसतो, खाली नुसता लोण्यासारखा गाळ. आम्ही आडव्या काठीने त्याला ओढून काढला. बूट काढायला आणखी वीस मिनिटं गेली. पाणी नेहमी भरावाच्या बाजूने, दगडी पिचिंगवर, म्हणजे भरावाच्या उतारावर रचलेल्या दगडांवर, उभं राहून घ्या. तिथे पाणी खोलही असतं आणि स्वच्छही. तरी ते गुरांचं पाणी आहे. चार पदरी फडक्यातून गाळायचं, मग खळखळून उकळायचं, आणि क्लोरीनच्या गोळ्या सोबत ठेवायच्या.

तंबू काठावर लावू नका. पहाटे गुरं, आणि त्याआधी रानडुकरं, त्याच वाटेने पाण्यावर येतात. आम्ही साठ-सत्तर पावलं वर, मुरमाच्या सपाटीवर जागा धरली. चूल पेटवली नाही. डिसेंबरात हे गवत काडी लागायचा अवकाश, सगळा डोंगर पेटतो आणि वर्षभराचा चारा जातो. लहान गॅस शेगडी पुरते, तीही उघड्या मुरमावर ठेवून.

जेवणाला कडक भाकरी, शेंगाचटणी आणि गूळ होता. यापेक्षा चांगलं ट्रेकचं जेवण मला माहीत नाही: शिजवायचं नाही, नासत नाही, वजन कमी. कडक भाकरी मात्र डब्यात घ्या. पिशवीत घेतली तर संध्याकाळपर्यंत चुरा होतो. पांघरायला घरची सोलापुरी चादर नेली होती आणि ती चूक झाली. तळ्याकाठी दव एवढं पडलं की पहाटे चादर पिळता आली असती. ओली सुती चादर ऊब देत नाही, दुसऱ्या दिवशी पाठीवर दुप्पट वजन देते. स्लीपिंग बॅग घ्या.

रात्रभर टिटवी ओरडत होती. तीनच्या सुमारास लांब कोल्हेकुई झाली. मग पूर्ण शांत, आणि आकाश असं की शहरात राहून ते असतं हेच आपण विसरलेले असतो. मी तासभर बाहेर बसून होतो.

दुसऱ्या दिवशी वाट बदलली. धारेवर परत न चढता मामांनी सांगितलेल्या गुरवाटेने उतरलो आणि अकराला डांबरी रस्त्याला लागलो. पोलीस पाटलांना पोचल्याचा फोन केला. धारेखाली अर्धा दिवस रेंज नव्हती, त्यामुळे १०८ चा भरवसा धरायचा तर गाडी येऊ शकेल असा जवळचा रस्ता नकाशावर आधीच खूण करून ठेवा.

पुढच्या खेपेला आम्ही नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जायचं ठरवलंय. सीताफळं असतील आणि खालच्या तळ्याचा भरवसाही जास्त. गवत कमरेएवढं असेल, म्हणून गेटर आत्ताच शिवायला टाकले आहेत.