परदेशात ट्रेकला जाताय? जीपीएस घ्यायच्या आधी नकाशा बघा

जुलैमध्ये आइसलँडचा लाउगावेगूर ट्रेक करायचं नक्की झालंय, मी आणि माझा मावसभाऊ, तो म्युनिकहून येणार आणि मी पुण्याहून. तिकिटं झाली, वाटेवरच्या हटचं, म्हणजे मुक्कामाच्या निवाऱ्यांचं, बुकिंग झालं आणि तेव्हापासून आमच्या फोनवर एकच विषय चालू आहे, हातातला जीपीएस घ्यायचा का, घ्यायचा तर कुठला, आणि त्यात नकाशे कुठले टाकायचे. तो म्हणतो, "ताई, फोनमध्ये सगळं असतं गं, कशाला पैसे घालवायचे?" मी म्हणते, अरे ऐक तरी. शेवटी म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढू, त्यालाही वाचायला देता येईल आणि नॉर्वे, स्कॉटलंड, न्यूझीलंड असं कुठेही टूर कंपनीशिवाय आपलं आपण चालायला जाणाऱ्यांनाही उपयोग होईल.

आधी एक सांगते, शहरं फिरायला जाणार असाल तर वेगळं यंत्र अजिबात घेऊ नका. पॅरिस असो नाहीतर टोकियो, फोन पुरतो. फक्त निघायच्या आधी घरच्या वायफायवर ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ओस्मअँड हे ॲप फोनमध्ये टाकून त्या देशाचा नकाशा उतरवून ठेवा. गुगल मॅपचाही ऑफलाइन नकाशा मिळतो पण नेट नसताना तो गाडीचा रस्ता सांगतो, चालत जायचा नाही, आणि हे बऱ्याच जणांना तिथे रस्त्यात उभं राहिल्यावर कळतं.

लाउगावेगूरचं तसं नाही. लांडमानालाउगार ते थोर्समोर्क साधारण ५५ किलोमीटर, बहुतेक लोक ४ दिवसांत करतात, वाटेवर खुंट्या ठोकलेल्या आहेत, त्यामुळे हवा स्वच्छ असेल तर चुकायचं काही कारण नाही. पण पहिल्या मुक्कामाचा ह्राफ्नतिन्नुस्केर हट हजार मीटरच्या थोडा वर आहे, तिथे जुलैतही बर्फ असतो आणि धुकं, वारा कधी येईल सांगता येत नाही. २००४ च्या जूनअखेरीस एक तरुण ट्रेकर तिथे वादळात सापडला आणि हटपासून जेमतेम किलोमीटरभरावर मरण पावला. वाटेवर त्याच्या आठवणीसाठी दगड रचून ठेवलेत. किलोमीटरभर म्हणजे चांगल्या हवेत पंधरा वीस मिनिटांची चाल, आणि समोरचं काहीच दिसत नाही तेव्हा तेवढंच अंतर माणसाचा जीव घेतं, हे वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. सह्याद्रीत पावसाळ्यात धुक्यात वाट चुकली तर खाली उतरताना कुठेतरी धनगरवाडा लागतो, ठाकरवाडी लागते, कोणीतरी माणूस भेटतो. तिथे दोन हटच्या मधे वस्तीच नाही.

आणि फोन नेमका अशाच वेळी दगा देतो. थंडीत बॅटरी भराभर उतरते, ३० टक्के दाखवत असताना फोन बंद पडलेला मी हिमालयात बघितलाय. पावसाचे थेंब पडले की टच भलतीकडेच लागतो, आणि हातमोजे काढून बोटं गारठली की मग नकाशा झूम करायचीही इच्छा राहत नाही. म्हणून मला बटणांचं यंत्र हवं. फोन सोबत असणारच आहे, पण तो दुसरा.

आता खरा मुद्दा. सगळे आधी यंत्र निवडतात, कुठलं मॉडेल, स्क्रीन केवढी, किती जीबी, आणि नकाशाचा विचार घरी आल्यावर. माझं म्हणणं उलटं आहे, आधी त्या प्रदेशाचा चांगला नकाशा कुठला मिळतो ते शोधा आणि तो ज्या यंत्रात टाकता येईल ते यंत्र घ्या. आपल्याकडे बरेच जण अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकांना सांगून गार्मिन कंपनीचं जीपीएस मागवतात, स्वस्त पडतं म्हणून. पण तिथे घेतलेल्या त्यांच्या ईट्रेक्स २२ एक्स मॉडेलमध्ये आतला तपशीलवार नकाशा अमेरिका आणि कॅनडाचा असतो, युरोपातल्या दुकानातल्या यंत्रात युरोपातला. आपण जातोय त्या भागाचा तो नसेल तर हाती राहतो बेसमॅप, म्हणजे मोठी गावं, हायवे आणि बाकी कोरी जागा, ज्यावर तुमचा बाण एकटाच फिरत असतो. कंपनीचा वेगळा नकाशा विकत घेता येतो पण तो बहुतेक वेळा त्या एका यंत्राला किंवा कार्डाला बांधलेला असतो, पुढच्या वर्षी यंत्र बदललं की पुन्हा पैसे.

माझा भर ओपनस्ट्रीटमॅपवर आहे. २००४ साली इंग्लंडमध्ये हे सुरू झालं, जगभरचे लोक आपापल्या भागातल्या वाटा, ओढे, हट त्यात भरतात आणि कोणालाही ते फुकट वापरता येतं. सह्याद्रीतल्या कितीतरी घाटवाटा आपल्याच ट्रेकर लोकांनी त्यावर काढल्यात, मीही काढते. लाउगावेगूरची वाट त्यावर छान आहे, हट, पूल, नदी पायी ओलांडायच्या जागा, सगळं. हाच डेटा गार्मिनच्या फॉरमॅटमध्ये करून देणाऱ्या साइट्स आहेत, ओपनटोपोमॅप, फ्राइत्साइटकार्टे, बीबीबाइक, यातली कुठलीही घ्या, देश निवडा, फाइल उतरवा.

पण इथे एक गोष्ट नीट बघायची, कंटूर लाइन, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, आहेत का. फुकट नकाशांमधल्या कंटूर बऱ्याचदा एसआरटीएमच्या डेटावरून काढतात, म्हणजे २००० च्या फेब्रुवारीत नासाच्या एंडेव्हर यानाने रडारने जमिनीची उंची मोजली होती तो डेटा. त्या यानाची कक्षा अशी होती की ६० अंश उत्तरेच्या वर मोजणी झालीच नाही. भारत, नेपाळ, आल्प्स सगळं त्यात येतं म्हणून आपल्याला हे कधी जाणवत नाही. आइसलँड मात्र पूर्ण ६३ अंशांच्या वर आहे, नॉर्वेचाही बराच भाग वर आहे, तिथे नकाशा करणाऱ्याने दुसऱ्या स्रोतातून उंची घेतली असेल तरच कंटूर येतात. मी दोन नकाशे उतरवून शेजारी शेजारी लावून बघितले, एकात ह्राफ्नतिन्नुस्केरच्या आजूबाजूला दाट रेषा होत्या आणि दुसऱ्यात सगळं सपाट मैदान! धुक्यात असा सपाट नकाशा बघून कोणी शॉर्टकट मारायला गेला तर काय होईल. म्हणून घरीच कॉम्प्युटरवर गार्मिनच्या बेसकॅम्प प्रोग्रॅममध्ये नकाशा उघडून आपल्या वाटेवरचे दोन चार चढ उतार शोधून बघायचे. बाकी देशांबद्दल थोडक्यात, नॉर्वे, स्वित्झर्लंड आणि न्यूझीलंडमध्ये सरकारी नकाशांचा डेटाच फुकट मिळतो, स्वित्झर्लंडने तर मार्च २०२१ पासून बहुतेक सगळं खुलं केलंय, तिकडे जात असाल तर त्यावरून केलेले नकाशे आधी शोधा. आणि चीनमध्ये तिथल्या नकाशांचे कोऑर्डिनेट्स, म्हणजे अक्षांश रेखांशाचे आकडे, नियमानेच सरकवलेले असतात, जीपीएसची जागा आणि नकाशा यात काहीशे मीटरचा फरक पडू शकतो, त्यामुळे तिथला स्थानिक नकाशा आणि आपला ट्रॅक, म्हणजे यंत्राने नोंदवलेली चालीची रेषा, एकमेकांवर बसेल असं धरून चालू नका.

एवढं झालं की यंत्र निवडणं सोपं होतं. मेमरी कार्डाचा खाचा हवाच, माझ्यासाठी ही पहिली अट. ईट्रेक्स एसईची बॅटरी कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे १६८ तास चालते, ऐकून मोह होतो, पण त्यात कार्डही नाही आणि नकाशाही नाही, त्यामुळे आमच्या कामाचा नाही. जीपीएसमॅप ६७ फार सुंदर यंत्र आहे, १८० तास, मोठी स्क्रीन, पण बॅटरी आतली आणि किंमत बरीच जास्त. जीपीएसमॅप ६५ मध्ये मल्टिबँड आहे, म्हणजे एकाच उपग्रहाचे दोन फ्रिक्वेन्सीचे सिग्नल घेतो आणि कड्यांवर आपटून आलेला खोटा सिग्नल त्याला जास्त चांगला ओळखता येतो. ट्रेक ग्रुपमधल्या एकाकडून तो आणि २२ एक्स असे दोन्ही घेऊन मी नाणेघाटात चालून बघितलं, वर त्या अरुंद नाळेत २२ एक्सचा ट्रॅक इकडे तिकडे उड्या मारत होता, ६५ चा बराच सरळ आला. दाट झाडी किंवा घळी असतील, भीमाशंकरसारखं जंगल असेल तर ६५ ला पैसे घालावेत असं माझं मत आहे. पण लाउगावेगूर म्हणजे उघडं माळरान आणि डोंगर, झाड नावालाही नाही, तिथे साधं यंत्रसुद्धा चार पाच मीटरमध्ये जागा दाखवतं. २००० च्या मेपर्यंत अमेरिका नागरी सिग्नल मुद्दाम बिघडवून सोडायची, शंभर मीटरपर्यंत चूक यायची, तो काळ गेला.

मग आम्ही ठरवलं ३२ एक्स. २२ एक्स आणि ३२ एक्स दिसायला सारखेच, दोन पेन्सिल सेल, २५ तास, कार्डाचा खाचा, पण ३२ एक्समध्ये इलेक्ट्रॉनिक कंपास आणि हवेच्या दाबावरून उंची सांगणारा अल्टिमीटर आहे. कंपास नसलेलं यंत्र तुम्ही चालत असाल तरच दिशा बरोबर दाखवतं, उभं राहिलात की बाण कुठेही फिरतो, आणि धुक्यात माणूस उभाच राहतो ना, कुठे जायचं ते ठरवायला! त्यासाठी जास्तीचे पैसे मला योग्य वाटतात. सेल बदलले की कंपास पुन्हा कॅलिब्रेट करायचा, हे लक्षात ठेवा. सेल लिथियमचे घ्या, साध्या अल्कलाइनपेक्षा थंडीत खूप बरे टिकतात, आणि सेटिंगमध्ये बॅटरीचा प्रकार तोच निवडा नाहीतर किती उरली ते चुकीचं दाखवतं. ग्लोनास, म्हणजे रशियाची जीपीएससारखी उपग्रह यंत्रणा, सेटिंगमध्ये चालू ठेवायचं, तिथे त्याचा खास फायदा आहे, कारण जीपीएस उपग्रहांच्या कक्षा ५५ अंश कललेल्या आहेत आणि ग्लोनासच्या जवळपास ६५ अंश. त्यामुळे आइसलँडहून बघताना उत्तरेकडच्या आकाशात जो भाग जीपीएसला रिकामा पडतो त्यातला बराचसा ग्लोनास भरून काढतं. भारताची स्वतःची उपग्रह यंत्रणा, नाविक, भारत आणि भोवतालच्या साधारण १५०० किलोमीटरसाठी आहे, तिकडे तिचा उपयोग नाही.

आता कोऑर्डिनेट्स. यावर मी भावाचं डोकं खाल्लंय आणि तुमचंही खाणार. आइसलँड टुरिंग असोसिएशनच्या साइटवर प्रत्येक हटची जागा दिलेली असते, अंश आणि पुढे मिनिटं दशांशात. गुगल मॅपवरून घेतलं की नुसते दशांश अंश येतात. यंत्रात जो फॉरमॅट लावलाय त्यातच आकडे टाकायचे. समजा हट ६३ अंश ५६ मिनिटांवर आहे आणि तुम्ही ६३.५६ अंश असं टाकलंत, तर पॉइंट ४१-४२ किलोमीटर दक्षिणेला जातो. दुसरं म्हणजे पूर्व आणि पश्चिम. आपल्याला भारतात नेहमी पूर्व रेखांशाची सवय, यंत्र भारतात वापरलेलं असलं की नवीन पॉइंट टाकताना ई, म्हणजे ईस्ट, तसंच राहतं. आइसलँड पश्चिमेला आहे. ह्राफ्नतिन्नुस्केरच्या आकड्यांपुढे ई राहिलं तर हट उत्तर स्वीडनमध्ये जाऊन बसतो. म्हणून पॉइंट टाकला की लगेच नकाशावर उघडायचा, हटच्या चिन्हावर बसलाय का ते डोळ्यांनी बघायचं, आणि एका हटपासून दुसऱ्या हटचं अंतर काढायचं. या ट्रेकवर टप्पे साधारण १२ ते १५ किलोमीटरचे आहेत, सरळ रेषेत त्याहून कमी यायला हवं. जास्त आलं तर काहीतरी चुकलंय.

कार्डावर नकाशा टाकणं अवघड नाही, गार्मिन नावाचा फोल्डर करायचा आणि उतरवलेली नकाशाची आयएमजी फाइल त्यात ठेवायची. एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही. दोन नकाशे टाकलेत तर मेनूमध्ये एका वेळी एकच चालू ठेवा, नाहीतर एकाखाली दुसरा झाकला जातो आणि वाटतं की वाटाच नाहीत. जीपीएक्स ट्रॅक, म्हणजे आधीच काढलेल्या वाटेची फाइल, टाकलात तर शेवटपर्यंत आलाय का तेही बघा, फार पॉइंट असलेला ट्रॅक काही मॉडेल्स मधेच कापतात. तो बारीक करून घ्यायचा.

उपग्रहावरून मेसेज पाठवणाऱ्या इनरीचसारख्या यंत्रांबद्दल बरेच जण विचारतात. उपयोग मोठा आहे, प्रश्नच नाही, पण भारतात ते दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय जवळ बाळगता येत नाही. २०२४ च्या शेवटी गोव्याच्या विमानतळांवर अशी यंत्रं सापडल्यामुळे परदेशी पर्यटकांवर कारवाई झाली होती. तेव्हा परदेशातून हौसेने घेऊन येऊ नका आणि कोणाला आणायलाही सांगू नका, हवंच असेल तर तिकडेच भाड्याने घ्या आणि निघताना तिकडेच परत द्या. साध्या जीपीएसला मेसेज पाठवता येत नाही, पण विमानतळावरच्या माणसाला दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून बिल आणि मॉडेलच्या माहितीचं पान सोबत ठेवा.

आमचं यंत्र याच कारणाने भावाने म्युनिकलाच मागवलंय आणि तिथेच त्याच्या घरी राहणार. मी इथून फक्त कार्डं तयार करून नेतेय, दोन, सारखीच, एक यंत्रात आणि एक माझ्या पाकिटात. कागदी नकाशा आणि साधा कंपास माझ्या सॅकमध्ये, आणि ट्रेकचा प्लॅन आइसलँडच्या सेफट्रॅव्हल साइटवर नोंदवणार, ते फुकट आहे, तिकडे जाणाऱ्या प्रत्येकाने करावं. हटचे पॉइंट तपासून झाले की जीपीएक्स फाइल इथे टाकते, ज्यांना याच वर्षी जायचंय त्यांनी खाली तारखा लिहा म्हणजे त्याआधी टाकायचा प्रयत्न करीन.