वॉर्साच्या जुन्या बाजारात पदकांच्या डब्या शोधताना

वॉर्सातल्या व्होला भागात ओबोझोव्हा रस्त्यावर शनिवार-रविवारी कोलोचा जुना बाजार भरतो. चांगला माल हवा असेल तर उजाडता उजाडता पोचावं लागतं. मी पहिल्याच ट्रामने गेलो, तरी गाळ्यांवर गर्दी होतीच.

मला हव्या असतात पोलंडच्या सरकारी सन्मानपदकांच्या डब्या. आत पदक नसलं तरी चालतं. मी कोल्हापूरचा. १९४३ ते १९४८ या काळात वळिवडेच्या छावणीत हजारो पोलिश निर्वासित राहिले. त्यांच्या गोष्टी घरी ऐकल्यामुळे या देशाची ओढ लहानपणापासूनची.

एका आजोबांनी चादरीवर पदकं मांडली होती. त्यांच्यामागे पुठ्ठ्याच्या खोक्यात रिकाम्या डब्यांचा ढीग. बहुतेक गिऱ्हाइकं तिकडे बघतही नव्हती. मी खाली बसून एकेक उघडायला लागलो. लाल डबीच्या झाकणावर पोलंडच्या राजचिन्हातला गरुड, सोनेरी, पण डोक्यावर मुकुट नाही. म्हणजे ही कम्युनिस्ट राजवटीतली. १९८९च्या अखेरीस कायदा बदलला आणि गरुडाला मुकुट परत मिळाला. काळ ओळखायला मी आधी तेवढंच बघतो.

आतली मखमल उन्हाने विटली होती, फक्त मधोमध क्रॉसच्या आकाराचा गडद ठसा राहिला होता. बाहूंमधल्या किरणांच्या खुणाही बोटाला लागत होत्या. हा १९२३ साली सुरू झालेला क्रॉस ऑफ मेरिट. तो सोनेरी, रुपेरी आणि कांस्य अशा तीन श्रेणींत देतात. इथली श्रेणी कोणती, हे नुसत्या ठशावरून सांगता येत नाही. पण हे पदक वर्षानुवर्षं याच जागी होतं, एवढं नक्की. विक्रेते सर्रास कुठल्याही डबीत कुठलंही पदक बसवून देतात, त्यामुळे असा ठसा मला फार मोलाचा वाटतो. बिजागरी मूळची आहे का आणि रिबिनीची घडी जिथे पडते तिथे कापड दबलंय का, हेही मी तपासतो.

मग आजोबांनी खिशातून वेगळी एक डबी काढली. आत पदक होतं, त्यावर दोन रुपेरी गुलाब. लग्नाला पन्नास वर्षं झालेल्या जोडप्यांना पोलंडमध्ये सरकारी पदक मिळतं. ही प्रथा १९६० पासूनची. युद्धातल्या शौर्यासाठी १७९२ पासून 'व्हिर्तुती मिलितारी' देणाऱ्या देशाने संसाराचाही असा मान करावा, याचं मला मनापासून कौतुक आहे. आजोबांनी डबी हलकेच मिटली आणि "हे विकायचं नाही" अशी मान हलवली. मीही किंमत विचारली नाही.

लाल डबी मात्र घेतली. भाव त्यांनी सांगितला तोच दिला. खोलीवर आल्यावर बाजाराचं नाव आणि तारीख चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून ती डबीच्या तळाशी सरकवली. पुढचा रविवार क्राकुफचा. तिथे हाला तार्गोवाजवळ असाच बाजार भरतो, आणि मला युद्धापूर्वीची एक तरी डबी शोधायची आहे.