हेरेशॉफ साडेबारा: वसंतातल्या भिजवणीपासून मुरिंगपर्यंत

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्समधल्या बझर्ड्स बेत उन्हाळ्याच्या दुपारी नैर्ऋत्येचा वारा जोर धरतो. ओहोटीचं पाणी नेमकं त्याच्या तोंडावर जातं आणि आखूड, उभ्या लाटा उठतात. या पाण्यात तिथल्या यॉटवाल्यांच्या मुलांना शिडाची बोट शिकता यावी म्हणून नॅथॅनिएल हेरेशॉफ यांनी १९१४ साली ही बोट आखली. साडेबारा फूट ही तिची पाणरेषेवरची लांबी; एकूण लांबी १५ फूट १० इंच. वजन सुमारे ६८० किलो, त्यातलं जवळपास निम्मं कीलच्या (तळाच्या कण्याच्या) शिशाचं. आकाराच्या मानाने ती जड आहे, आणि तिला हाकण्यातल्या बहुतेक खुब्या या वजनातून येतात.

पण आधी लाकूड. ओकच्या बरगड्यांवर सीडारच्या फळ्या असतात. हिवाळाभर कोरड्यावर राहिल्या की त्या आकसतात आणि सांध्यांतून उजेड दिसू लागतो. आपल्याकडे पावसाळ्यात शाकारलेल्या होड्यांचंही हेच होतं. अशा वेळी सांध्यात कडक होणारं पुटीन ठासायचा मोह आवरा. पाण्यात फळ्या फुगल्या की त्यांना पसरायला जागा उरत नाही. मग ताण बरगड्यांवर जातो आणि त्या तडकतात. मऊ राहणारं सीम कंपाउंडच वापरा, तेही सांधा काठोकाठ न भरता.

पाण्यात सोडण्याआधी चार-पाच दिवस आतून ओली गोणपाटं अंथरा आणि ती समुद्राच्या पाण्याने ओली ठेवा. साचलेलं गोडं पाणी लाकूड कुजवतं. आत बादल्यांनी पाणी भरू नका, हा सांगाडा आतून पडणारा भार पेलण्यासाठी बांधलेला नाही. पाण्यात उतरवल्यावर पहिली रात्र क्रेनच्या पट्ट्यांतच राहू द्या, पंप आणि भरलेली बॅटरी लावून. फळ्या घट्ट बसायला दोन-तीन दिवस लागतात, कधी आठवडाही. तोवर स्टे आणि श्राउड (डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारा) हातानेच ताणा आणि शीड चढवू नका. न फुगलेली बोट लाटांत ताणली की फळ्या एकमेकींवर सरकतात आणि सांध्यातला कापूस बाहेर येतो.

मूळ बांधणी गाफची, म्हणजे मुख्य शिडाची वरची कड एका दांडीवर बांधलेली असते, म्हणून हॅलियर्ड (शीड चढवायचे दोर) दोन: थ्रोट दांडीच्या डोलकाठीकडच्या टोकाला आणि पीक बाहेरच्या टोकाला. दोन्ही एकत्र ओढत गाफ आडवा ठेवून वर न्या. आधी थ्रोट करकचून बांधा, मग पीक ओढा. पीकपासून टॅककडे (शिडाच्या खालच्या पुढच्या कोपऱ्याकडे) एक हलकी चुणी दिसली की थांबा. वारा भरला की ती जाते. चुणी थ्रोटकडून क्ल्यूकडे (खालच्या मागच्या कोपऱ्याकडे) पडत असेल तर पीक सैल आहे, आणि अशा शिडावर बोट वाऱ्याकडे नीट चढत नाही.

जिबला (पुढच्या छोट्या शिडाला) स्वतःचा छोटा बूम (खालची आडवी दांडी) आहे, त्यामुळे टॅक करताना, म्हणजे नाळ (बोटीचं पुढचं टोक) वाऱ्यातून पलीकडे वळवताना, दोरांची अदलाबदल नाही, फक्त टिलर (सुकाणूचा दांडा). तरीही लोक इथेच अडकतात. टिलर झटक्यात लोटला की सुकाणू ब्रेकचं काम करतं. वेग असू द्या, लाटांमधला सपाट तुकडा बघा आणि टिलर हळूहळू दाबा. बोटीचं वजनच तिला वाऱ्यापार नेतं. नाळ वाऱ्यात अडकलीच तर ही जिब आपोआप उलटी भरत नाही. हाताने तिचा बूम एका बाजूला धरा म्हणजे नाळ विरुद्ध बाजूला पडेल. बोट मागे सरकत असेल तर टिलरचा परिणाम उलटा होतो, हे विसरू नका.

टिलर दोन्ही हातांनी धरावा लागू लागला की रीफची, म्हणजे शीड खालून बांधून लहान करण्याची, वेळ उलटूनच गेलेली असते. शक्यतो मुरिंगवर, म्हणजे बोट बांधायच्या तरंगत्या बॉयवर असतानाच, रीफ घ्या. आधी टॅकची कडी बांधा, मग क्ल्यू मागे ताणून बांधा, शेवटी मधल्या दोऱ्या सरकगाठीने. सोडताना नेमकं उलट: मधल्या दोऱ्या आधी. त्या राहिल्या आणि क्ल्यू सुटलं तर सगळा ताण एका दोरीच्या भोकावर येऊन शीड फाटतं. कील बोटीला सहसा उलटू देत नाही, पण कॉकपिट (बसायची जागा) उघडं आहे. कडेवरून आत येणारं पाणी कील अडवत नाही.

मुरिंगवर येताना ६८० किलो लगेच थांबत नाहीत. मंद वाऱ्यात, सपाट पाण्यावर, बॉयपासून तीन-चार बोटींच्या लांबीइतक्या अंतरावर नाळ वाऱ्यात वळवा. जोराच्या वाऱ्यात लाटा वेग खातात, तेव्हा हे अंतर निम्म्यावर आणा. वारा एकीकडून आणि प्रवाह दुसरीकडून असेल तर शेजारच्या बोटी कशा उभ्या आहेत ते बघा. त्या प्रवाहाकडे तोंड करून असतील तर मेन (मुख्य शीड) आधीच उतरवा आणि नुसत्या जिबवर प्रवाहाविरुद्ध या. मेन उतरवताना थ्रोट किंचित पुढे, पीक मागून. पीक आधी सुटलं तर गाफचं टोक थेट कॉकपिटमधल्यांच्या डोक्यावर येतं.