एकच कीवर्ड तीनदा का दिसत होता : साइडकारच्या कामाची पुढची नोंद

मागच्या नोंदीत अर्धवट राहिलेला प्रश्न अखेर सुटला आहे. लाइटरूम क्लासिक, डार्कटेबल आणि डिजिकॅम हे छायाचित्रे निवडण्याचे, संपादण्याचे आणि लावून ठेवण्याचे प्रोग्राम आहेत. लाइटरूममध्ये निवडलेल्या एनईएफ (निकॉन कॅमेऱ्याच्या रॉ) फायली डार्कटेबलमध्ये आणि तिथून डिजिकॅममध्ये नेल्या की ‘पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड’ हा कीवर्ड यादीत दोनदा, कधी तीनदा दिसत असे. अक्षरे हुबेहूब तीच असत. पण त्यांपैकी कोणत्याही एकावर शोध घेतला, तर गुहागर-वेळास पट्ट्यातली काहीच छायाचित्रे समोर येत आणि उरलेली दुसऱ्या नोंदीखाली असत.

पहिला संशय अर्थातच साइडकारच्या, म्हणजे छायाचित्राचे कीवर्ड आणि संपादन साठवणाऱ्या शेजारच्या एक्सएमपी फाइलच्या, नावांवर गेला. लाइटरूम ‘डीएससी_४१२७.एक्सएमपी’ असे नाव देते, डार्कटेबल मूळ फाइलचा विस्तार राखून ‘डीएससी_४१२७.एनईएफ.एक्सएमपी’ लिहिते, आणि डिजिकॅमला सेटिंगमधून यांपैकी कोणतीही पद्धत लावता येते. (डार्कटेबलची पद्धत मला अधिक सुरक्षित वाटते, कारण त्याच नावाची जेपेग शेजारी असली तरी कोणती साइडकार कोणाची याबद्दल शंका राहत नाही.) नावे जुळवल्यावरही दुहेरी नोंदी तशाच राहिल्या. मग कीवर्डांची उतरंड (मोठ्या गटाखाली लहान गट) तपासली. लाइटरूम आणि डार्कटेबल पातळ्यांमध्ये उभी रेघ घालतात, डिजिकॅम स्वतःच्या यादीत तिरकी रेघ वापरते. पण उतरंडही तिन्ही ठिकाणी व्यवस्थित उतरली होती.

शेवटी दोन साइडकार फायली साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये न पाहता फाइलमधले प्रत्यक्ष बाइट दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये शेजारी शेजारी उघडल्या, आणि फरक ‘पांढऱ्या’मधल्या ऱ्य या जोडाक्षरात सापडला. एका फाइलमध्ये ऱ हे स्वतंत्र अक्षर, म्हणजे युनिकोड (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी पद्धत) ०९३१, आणि त्यापुढे हलन्त होता. दुसऱ्या फाइलमध्ये साधा र (०९३०), हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर, म्हणजे अक्षरे जोडण्याची खूण, होता. युनिकोडच्या जुन्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून हे रूप अजूनही मान्य आहे आणि काही कीबोर्ड तेच लिहितात. तिसरे रूप त्या छायाचित्रांत निघाले, ज्यांचे कीवर्ड फोल्डरच्या नावावरून घेतले होते आणि ते फोल्डर मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस पद्धतीच्या डिस्कवरून आले होते. ती फाइल सिस्टीम नावे साठवताना ऱ चे र आणि नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) असे दोन तुकडे करते. पडद्यावर तिन्ही रूपे सारखीच उमटतात, पण प्रोग्राम बाइट जुळवून पाहत असेल तर त्याच्या लेखी ते तीन वेगवेगळे शब्द आहेत. ‘किनाऱ्यावर’, ‘पायऱ्या’, ‘दऱ्या’ या कीवर्डांतही हाच प्रकार निघाला, तेव्हा निदान बरोबर असल्याची खात्री पटली आणि फार समाधान वाटले.

दुरुस्तीसाठी पायथनची छोटी स्क्रिप्ट पुरली. एनएफसी सामान्यीकरणाने (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एका ठरलेल्या रूपात आणण्याची युनिकोडची पद्धत) नुक्त्याचे रूप ऱ मध्ये परत येते, परंतु जॉइनरचे रूप येत नाही. ते वेगळे बदलावे लागते. इथे एक काळजी घ्यावी : सगळे जॉइनर सरसकट काढून टाकू नयेत, कारण इतर जोडाक्षरांत ते मुद्दाम घातलेले असू शकतात. फक्त र, हलन्त आणि जॉइनर हा क्रम एकत्र आला तरच बदल करावा. फायलींतले प्रत्यक्ष लेखन मी एक्झिफटूल या मेटाडेटा (छायाचित्राबद्दलची माहिती) वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या साधनाकडे सोपवले. फिल हार्वे यांचे हे साधन या छंदातले सर्वांत भरवशाचे आहे असे माझे ठाम मत आहे. ते बदलापूर्वीची प्रत आपोआप जपून ठेवते आणि डार्कटेबलची संपादनाची हिस्टरीही त्याने जशीच्या तशी राखली. त्यानंतर डार्कटेबलमध्ये सुरुवातीलाच बदललेल्या एक्सएमपी फायली शोधण्याचा पर्याय चालू केला आणि डिजिकॅममध्ये मेटाडेटा पुन्हा वाचून घेतला. आता गरुडाची एकच नोंद आहे आणि तिच्याखाली सगळी छायाचित्रे आहेत.

याच तपासणीत एक नवी अडचण समोर आली. निर्यात केलेल्या जेपेगमध्ये हा कीवर्ड ‘पांढऱ्या पोटाचा समुद्र’ इथे तुटत होता आणि पुढे एक अनोळखी चिन्ह दिसत होते. छायाचित्रातच माहिती साठवण्याच्या जुन्या आयपीटीसी-आयआयएम रचनेत एका कीवर्डला ६४ बाइटांची मर्यादा आहे. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे २५ चिन्हे आणि ३ मोकळ्या जागा मिळून हे नाव ७८ बाइटांचे होते. ६४व्या बाइटवर कात्री चालली की ‘समुद्री’मधल्या दीर्घ वेलांटीचे दोनच बाइट शिल्लक राहतात. एक्सएमपीमध्ये ही मर्यादा नाही, त्यामुळे रॉ फायलींच्या साइडकारमध्ये नाव पूर्ण आहे.

ही स्क्रिप्ट दर आठवड्याला साइडकारवरून फिरवायची असा बेत होता, पण ही नोंद लिहितानाच तो बदलतो आहे. लाइटरूम टॅबने पातळ्या दाखवणारी कीवर्डांची टेक्स्ट फाइल आयात करते आणि डार्कटेबललाही तीच रचना वाचता येते. तेव्हा पक्ष्यांच्या नावांची एकच प्रमाण यादी करावी, तिच्यावर एनएफसी आणि जॉइनरची तपासणी एकदाच चालवावी, प्रत्येक नावाची बाइटसंख्या मोजावी आणि कीवर्ड हाताने टाइप न करता नेहमी त्या यादीतूनच निवडावेत, हे अधिक मुळाशी जाणारे वाटते. ‘समुद्री गरुड’ ३४ बाइटांत बसते. पूर्ण नाव कॅप्शनमध्ये जाईल, कारण तिथे आयपीटीसी २००० बाइट देते.

यादीचे शिकारी पक्ष्यांचे पान सुरू केले आहे. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर टाइप करणाऱ्यांनी ऱ साठी शिफ्ट आणि जे या कळा वापराव्यात, म्हणजे ०९३१ थेट मिळतो. फोनवरच्या कीबोर्डांतून कोणते रूप येते ते कुणी हेक्समध्ये पाहून कळवले, तर यादी वापरण्याच्या सूचनांत तेही घालता येईल.